सूचनांचे पालन : १० पैकी ४

शाळकरी मुलांचं नेतृत्व शिबिर भरवायचं तुमच्या मनात आहे? जरूर भरवा. मुलांची सुट्टी सत्कारणी लागते, पालकांची छाती फुगते आणि चार दिवसांत शे-सव्वाशे नेते तयार होऊन घरोघरी पोचतात. एवढ्या नेत्यांचं पुढे करायचं काय, हा प्रश्न तुमचा नाही. मी नुकताच अशाच एका शिबिराच्या समारोपाला पालक म्हणून अडीच तास बसून आलोय. तेव्हा अनुभवाचे चार बोल सांगायचा मला हक्क आहे, असं मी धरून चालतो.

सुरुवात पत्राने करा. ‘प्रवेश सुरू’ असं चुकूनही लिहू नका. प्रवेश काय, कोणालाही मिळतो. ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ असं लिहा. कोणी निवडलं, कशावरून निवडलं, किती जणांतून निवडलं, या तपशिलात शिरायचं कारण नाही. आमच्याकडे पत्र आलं तेव्हा आम्ही दोघांनी ते तीन-तीनदा वाचलं. संध्याकाळी कळलं की शेजारच्या मुलाचीही निवड झालीय. मग खालच्या मजल्यावरच्या दोघांची. मग लेकीच्या अख्ख्या वर्गाची, आणि त्यात गेल्या वर्षीच शाळा सोडून गेलेला एक मुलगाही होता. शुल्क भरायची मुदत टळली की ही निवड आपोआप रद्द होते, हेही पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहायला विसरू नका.

शिबिराच्या नावात ‘जागतिक’, ‘भावी’ आणि ‘शिखर’ यांपैकी दोन शब्द हवेतच. तिन्ही बसवता आले तर शुल्क वाढवता येतं.

प्रमुख पाहुणे उशिरा यावेत. आल्यावर त्यांनी ‘मीही लहानपणी फार खोडकर होतो’ इथून सुरुवात करावी. पुढे काय बोलतात ते कोणी ऐकत नाही.

विश्वासाचा खेळ घ्याच. डोळे मिटून मागे पडायचं, मागच्यांनी झेलायचं. झेलणाऱ्यांचं लक्ष फोटो काढणाऱ्याकडे असलं तर कोपर सोलवटतं. तेव्हा मलम जवळ असू द्या.

मुलांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला गटप्रमुख नेमा. नेमायचा तुम्हीच, मुलांवर सोडलंत तर भलतंच कोणीतरी निवडून यायचं. गटप्रमुखाची कामं ठरलेली आहेत : हजेरी घेणं, रांग सरळ ठेवणं आणि बोलणाऱ्यांची नावं लिहून सरांना देणं. ही गटांची कल्पना बरीच जुनी आहे म्हणे. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काउट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल वीसेक मुलं घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर गेला. काही मुलं बड्या घरच्या निवासी शाळांतली, काही कामगारांच्या घरची. त्यांच्या त्याने चार टोळ्या केल्या, लांडगे, डोमकावळे अशी नावं दिली आणि प्रत्येक टोळीची पूर्ण जबाबदारी टोळीतल्याच एका मुलावर टाकली. टोळी कशी वागते याचा जाब त्या पोराने द्यायचा. आयुष्य फौजेत काढलेला माणूस, त्याला हे परवडलं. तुम्ही असल्या फंदात पडू नका. तुम्ही फक्त लांडगे आणि डोमकावळे घ्या. जबाबदारीचा भाग गाळा.

आता सर्वांत महत्त्वाचं, वेळापत्रक. सकाळी साडेपाच ते रात्री दहा, एकही अर्धा तास मोकळा नको. मोकळ्या वेळात मुलं आपापसांत काहीतरी ठरवायला लागतात आणि शिबिराची शिस्त बिघडते. सत्रांची नावं भारदस्त ठेवा. ‘संवादकौशल्य’ : एक जण बोलणार, एकशेवीस जण ऐकणार. ‘निर्णयक्षमता’ : निर्णय कसे घ्यावेत याचे सात टप्पे वहीत उतरवून घेणं. ‘समस्या सोडवण्याचं कौशल्य’ : कागदी पेल्यांचा मनोरा.

या शेवटच्या सत्राबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याच वेळी आमच्या कन्येने तुमच्यासारख्याच एका आयोजकाचा फार मोठा खोळंबा केला. झालं असं, की दुसऱ्या दिवशी मुलींच्या बाजूच्या चार न्हाणीघरांपैकी तिघांतले नळ बंद पडले. मुली बेचाळीस, न्हाणीघर एक, आणि साडेसहाला व्यायामाला हजर राहायचं. त्या सकाळी भांडणं झाली, दोघी-तिघी रडल्या, एकीला बरं नव्हतं तरी ती रांगेतच उभी. दुपारी आमची बया वही घेऊन बसली. तेरा वर्षांची आहे. तिने खोल्याखोल्यांतून फिरून नावं घेतली, आदल्या रात्री अंघोळ चालेल अशा किती आणि सकाळीच हवी अशा किती ते मोजलं, पाळ्या लावल्या. तरी हिशेब बसेना, तेव्हा मुलांच्या बाजूचं एक न्हाणीघर सकाळी तासभर मुलींना मिळावं अशी मागणी काढली. मुलांच्या गटप्रमुखांशी आधी बोलून त्यांचा होकारही मिळवला. मग तीन मुलींना बरोबर घेऊन ती सरांकडे गेली.

सर म्हणाले, “आत्ता समस्या सोडवण्याचं सत्र चालू आहे. आधी खाली बस.”

ती बसली. पेल्यांचा मनोरा केला. तो म्हणे बऱ्यापैकी उंच झाला होता.

संध्याकाळी ती पुन्हा गेली, तेव्हा उत्तर मिळालं की नियोजन आयोजकांचं काम आहे. तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा ‘तू जरा जास्तच प्रश्न विचारतेस’. चौथ्या दिवशी समारोप. मंचावर फुलं, पडद्यावर धूर, कानठळ्या बसवणारं संगीत आणि एकेका ‘भावी जागतिक नेत्या’च्या हातात प्रमाणपत्र. आमच्या नेत्याचं आडनाव त्यात चुकलं होतं. ते चालतं, नेत्यांची नावं जग पुढे नीट शिकतं. पण प्रमाणपत्रासोबत एक ‘नेतृत्व मूल्यांकन अहवाल’ होता. तुम्हीही असा अहवाल अवश्य द्या, पालकांना आकडे आवडतात. आमच्या अहवालातला आकडा हा :

सूचनांचे पालन : १० पैकी ४. शेरा : वारंवार शंका काढते. संघभावनेत सुधारणेस वाव.

संघभावनेत. बेचाळीस मुलींच्या अंघोळीचा हिशेब जिने एकटीने जमवला, तिच्या संघभावनेत सुधारणेस वाव. आणि शिबिरातला ‘सर्वोत्कृष्ट नेता’ कोण? बोलणाऱ्यांची नावं सर्वांत चोख लिहून देणारा मुलगा. त्या पोराचा यात काही दोष नाही. त्याला नेतृत्व म्हणजे हेच, असं सांगितलं आणि त्याने ते मनापासून केलं.

हा अहवाल मी तेव्हापासून बऱ्याच जणांना लावून पाहतोय, वेळ बरा जातो. १९५१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. कृष्णवर्णीय मुलांची तिची शाळा १८० जणांसाठी बांधलेली, आणि आत कोंबलेली मुलं साडेचारशेच्या वर. उरलेल्यांना डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत बसवलेलं. तक्रारी करून झाल्या, ढिम्म. मग तिने आणि तिच्या सोबत्यांनी एक खोटा फोन करवून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढलं, त्यांच्या नावाने चिठ्ठी फिरवून सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. तो वाद कोर्टात गेला. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल ज्या पाच खटल्यांवर मिळून लागला, त्यांतला एक हा. सूचनांचे पालन : शून्य. चिठ्ठीबद्दल उणे दोन. तिचंही म्हणणं छप्पर आणि भिंती यांच्यापासूनच सुरू झालं होतं, ‘दूरदृष्टी विधान’ तयार करण्यापासून नाही.

मुक्ता साळवे. १८५५. चौदा वर्षांची. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने तो छापला, आणि धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाचा जाब तिने त्यात थेट धर्ममार्तंडांनाच विचारला. वारंवार शंका काढते!

असो. तुमच्या शिबिराकडे वळू. फोटो भरपूर काढा. मुलांनी हात वर केलेला फोटो पहिल्या पानावर टाका. हात कशासाठी वर केला होता ते कोणी विचारत नाही. आमच्या फोटोत तो ‘कोणाला बाहेर जायचंय?’ या प्रश्नासाठी होता.

शिबिरानंतरचा पाठपुरावा शाळेवर सोडा. शाळांकडे तयार व्यवस्था असते. विद्यार्थी मंडळ नावाची. शपथ, खांद्यावरून पट्टा, छातीवर बिल्ला, आणि मग वर्षभर जिन्यात उभं राहून ‘डावीकडून चला’ म्हणणं. मंडळाने एखादा ठराव केला आणि तो अमलात आला, असं कोणाला आठवत असेल तर मला सांगा. मला पंचवीस वर्षांपूर्वीचा माझाच बिल्ला आठवतो, ठराव आठवत नाही.

हे सगळं विनोदाने लिहायचं ठरवलं होतं. पण आता पुरे झालं.

अहो, तुम्ही करताय ते नेतृत्व शिकवणं नाहीच. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांचा वापर करून घेणं, त्यांना सजावटीसारखं मांडणं आणि नावापुरतं पुढे करणं. या तिघींना तो सहभाग म्हणायलाच तयार नव्हता. तुमचं शिबिर या तीन पायऱ्यांवर चार दिवस वर-खाली करतं आणि त्यालाच शिखर म्हणतं. मुलांना खरंच काही ठरवू दिलं तर काय होतं हेही गुपित नाही. १९३०च्या दशकाच्या शेवटी मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहाएक वर्षांच्या मुलांचे छंदगट करून पाहिले. काही गटांत मोठा माणूस सगळं स्वतःच ठरवायचा, काहींत मुलांबरोबर बसून ठरवायचा. तो खोलीबाहेर गेला की पहिल्या गटांतलं काम थंडावायचं, दुसऱ्या गटांतलं चालू राहायचं. बॉस्टन शहराने २०१४ मध्ये दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कशावर खर्च करायचे ते बारा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींच्या मतांवर सोडलं. शहर बुडालं नाही. तुमच्याकडे एक न्हाणीघर होतं, तेही तासभरासाठी मागितलेलं. तेवढं देववलं नाही तुम्हाला!

आणि पालकांनो, तुम्हीही गप्प बसू नका, म्हणजे मीही. ते पत्र तीनदा वाचून सुखावलो ना आपण? प्रमाणपत्राचा फोटो नातेवाइकांना आधी पाठवला आणि पोरीला ‘काय झालं’ ते दोन दिवसांनी विचारलं. त्या दोन दिवसांत तिला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं. तेरा वर्षांच्या मुलीला असं वाटायला लावण्यासाठी आपण पैसे मोजले. लाज वाटते मला. तुम्हालाही वाटू द्या थोडी. आयोजकांना वाटेल असं दिसत नाही, कारण परवा त्यांचं नवं पत्र आलंय. पुढच्या सुट्टीतल्या ‘प्रगत’ शिबिरासाठी आपल्या पाल्याची निवड झाली आहे. आडनाव याही वेळी चुकलंय.

ती येणार नाही. फक्त ते तीन नळ दुरुस्त झाले का, तेवढं कळवा. ती विचारतेय.