एचआरटी चालू असताना ‘मेनोपॉज संपला’ हे कसं ओळखायचं? एका फिरत्या मेसेजला उत्तर

मेनोपॉज म्हणजे पाळी कायमची जाणं, आणि एचआरटी म्हणजे त्या काळातल्या त्रासासाठी बाहेरून दिली जाणारी हार्मोन्स. त्याबद्दल बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतो. तो थोडक्यात असा: ‘एचआरटीच्या गोळ्या घेताना दर महिन्याला पाळी येत असेल तर मेनोपॉज अजून झालेला नाही. खात्री करायला एफएसएच तपासा, आकडा ४० च्या वर गेला की संपला. गोळ्यांनी मेनोपॉज फक्त पुढे ढकलला जातो, बंद केल्यावर सगळं पहिल्यापासून भोगावं लागतं. म्हणून पाच वर्षं झाली की गोळ्या सोडा, तोवर तो संपलेलाच असतो.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक बहिणीपर्यंत पोहोचवा’.

हा मेसेज वाचून कुणी गोळ्या अचानक सोडतं, तर कुणी नको तो रक्तस्राव ‘पाळीच आहे’ म्हणून अंगावर काढतं. म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

‘पाळी येतेय म्हणजे मेनोपॉज झालेला नाही.’

ज्यांची पाळी जाण्याच्या मार्गावर आहे किंवा नुकतीच गेली आहे, त्यांना बहुधा अशी एचआरटी देतात: इस्ट्रोजेन रोज, आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ ते १४ दिवस. इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. ते थांबलं की अस्तर सुटतं आणि अंगावरून जातं. काही तयार पाकिटांत २८ गोळ्या दोन रंगांच्या असतात, निम्म्या एका, निम्म्या दुसऱ्या. दुसरा रंग संपत आला किंवा नवं पाकीट सुरू झालं की रक्तस्राव होतो. हा गोळ्यांच्या वेळापत्रकाने घडवलेला रक्तस्राव आहे. बीजकोशातून बीज बाहेर पडलं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. बीजकोश दोन वर्षांपूर्वीच थांबलेल्या बाईलाही ही ‘पाळी’ अगदी वेळेवर येईल.

आता याची दुसरी बाजू. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्यांना दोन्ही हार्मोन्स रोज, खंड न पाडता दिली जातात. त्यात पहिले तीन ते सहा महिने थोडं डाग पडणं चालतं, त्यानंतर काहीच जायला नको. सहा महिन्यांनंतरही जात असेल, किंवा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर ती ‘परत आलेली पाळी’ समजू नका. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहतात आणि गरज वाटली तर तुकडा तपासायला पाठवतात. यात दिरंगाई नको, लाजही नको.

‘एफएसएच तपासा, कळेल.’

बीजकोश थकू लागले की त्यांना कामाला लावण्यासाठी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे हार्मोन वाढवते. पण तुम्ही गोळी, पॅच किंवा जेलमधून इस्ट्रोजेन घेत असाल, तर ग्रंथीला रक्तात इस्ट्रोजेन दिसतं आणि ती जोर कमी करते. मग आकडा कमी आला तरी बीजकोश चालू आहेत असं त्यावरून म्हणता येत नाही. काही आठवडे औषध थांबवून तपासलं तरी मेनोपॉजच्या उंबरठ्यावर एफएसएच इतकं वरखाली होतं की या महिन्यात ५०, तर पुढच्या महिन्यात १२ येऊ शकतं, आणि मध्येच पाळीही येऊन जाते. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं की ४५ च्या पुढच्या बाईला लक्षणं असतील तर निदानासाठी ही तपासणी करू नये. ४० च्या आत पाळी गेल्याचा संशय असेल तिथे मात्र ती हवीच.

मेनोपॉज झाला हे एरवीसुद्धा मागे वळूनच कळतं: शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने काहीच गेलं नाही की तो झाला असं म्हणायचं. एचआरटीचा मासिक रक्तस्राव चालू असेल तर ते १२ महिने मोजता येत नाहीत. म्हणजे नेमकी तारीख कळणार नाही, हेच खरं उत्तर आहे. मग डॉक्टर काय करतात? वय पाहतात. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, ब्रिटनमध्ये ५१. तिथले डॉक्टर साधारण ५४ व्या वर्षी ‘आता झाला असणार’ असं धरून रोजच्या, रक्तस्राव नसलेल्या एचआरटीवर नेतात. आपल्याकडे हा विचार त्याआधी करता येतो. तुमच्या गायनॅकला हे सरळ विचारा.

यातच एक गोष्ट मेसेजने पूर्ण गाळली आहे. एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. तिच्यातल्या हार्मोन्सचं प्रमाण बीज रोखायला पुरेल याची खात्री नसते. तारीख कळत नसल्यामुळे नियम सावधच आहेत: पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची, आणि काहीच ठरवता येत नसेल तर ५५ पर्यंत. कॉपर-टी, निरोध किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची मिरेना, काहीही चालतं. मिरेना तर गर्भाशयाच्या अस्तरासाठीचं प्रोजेस्टेरॉनही पुरवते, म्हणून वेगळ्या गोळीची गरज उरत नाही.

‘मेनोपॉज पुढे ढकलला जातो.’

नाही. बीजकोशातला साठा जन्मतःच ठरलेला असतो, तो आपल्या गतीने संपतो आणि एचआरटी त्याला हात लावत नाही. गोळ्या सोडल्यावर काहींना पुन्हा अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने चादर भिजते, हे खरं आहे. त्याचं कारण एवढंच की त्यांच्या शरीराचा वाफांचा काळ अजून उरलेला होता आणि औषधाने तो झाकला होता. मध्यमवयीन स्त्रियांवरच्या अमेरिकेतल्या स्वान अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफा मध्यममानाने ७.४ वर्षं टिकल्या, त्यातली ४.५ वर्षं शेवटच्या पाळीनंतरची होती. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हा काळ १०.१ वर्षांचा होता. इतका फरक असताना पाच वर्षांत सगळ्यांचं संपेल असं कुणी कसं सांगावं? डोस हळूहळू कमी केला तर सोडतानाचा त्रास सुरुवातीला सौम्य राहतो. दूरवर पाहिलं तर एकदम सोडण्यात आणि हळूहळू सोडण्यात फार फरक पडत नाही.

योनीचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग ही लक्षणं वाफांसारखी आपोआप जात नाहीत, वयाबरोबर वाढतात. त्यासाठी योनीत लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेनचं क्रीम वेगळं मिळतं आणि ते दीर्घकाळ वापरता येतं.

‘पाच वर्षांनी सोडा.’

ही समजूत २००२ नंतरची. अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा एकत्रित हार्मोन्सचा प्रयोग सरासरी पाचेक वर्षांनी थांबवला गेला, कारण स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला: वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे सुमारे ८ जास्त. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, पन्नाशीत सुरुवात करणाऱ्या त्यात कमी होत्या. एकत्रित एचआरटी जितकी लांबते तितका हा धोका वाढतो, हे आजही मान्य आहे आणि ते लपवू नये. पण ब्रिटिश आणि अमेरिकन मेनोपॉज सोसायट्या आता वर्षांची सरसकट मर्यादा घालत नाहीत. दरवर्षी रक्तदाब, स्तनांची तपासणी, कुटुंबातला इतिहास आणि त्रास किती उरलाय हे पाहून ठरवायचं असतं.

ज्यांची गर्भपिशवी काढली आहे त्यांना तर हा मेसेज अजिबातच लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात अशा बायका थोड्या नाहीत. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या कमी वयातल्या पिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला होता. पिशवी गेली, बीजकोश राहिले, तर पाळी बंद होते, मेनोपॉज मात्र नंतर येतो, बऱ्याचदा थोडा लवकर. तिथे लक्षणांवरूनच अंदाज बांधावा लागतो. दोन्ही बीजकोशही काढले असतील तर मेनोपॉज ऑपरेशनच्या दिवशीच झाला. अशी बाई ३८ वर्षांची असेल आणि तिला एचआरटी चालण्यासारखी असेल, तर हाडांसाठी आणि हृदयासाठी ती निदान नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत घ्यावी असा सल्ला असतो. तिने पाच वर्षं मोजून ४३ व्या वर्षी गोळ्या सोडल्या तर तिचं नुकसान होतं. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला हे नक्की सांगा. आणि ऑपरेशनचे कागद शोधायला सांगा, कारण बीजकोश ठेवले की काढले हे त्यातच लिहिलेलं असतं.