कार्ट्रिज संपली, हे धार सांगत नाही

रविवारी सकाळी सिंकखालची कार्बन कार्ट्रिज बदलली. पाण्याला धार चांगली होती, चवीत फरक नव्हता, वासही येत नव्हता. आदल्या रात्री मात्र फिल्टरच्या नळाचं पाणी छोट्या काचेच्या नळीत घेऊन त्यात डीपीडीची (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारी) गोळी विरघळवली आणि पाणी गुलाबी झालं. अगदी फिकट, मागे पांढरा कागद धरला तेव्हा कुठे दिसलं. पण गुलाबी रंग म्हणजे क्लोरीन. जो कोळसा क्लोरीन अडवायला बसवलाय, त्यातूनच ते पलीकडे यायला लागलं, म्हणजे त्या कोळशाचं काम संपत आलं. कार्ट्रिजवर छापलेली मुदत संपायला अजून दोन महिने होते.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. कारण ओळखीत कुणाला फिल्टर घ्यायचा असला की प्रश्न ठरलेला असतो, "कुठला चांगला?" तुमच्या पाण्यात नेमकं काय आहे, हे कुणीच आधी बघत नाही. आणि ते माहीत नसेल तर "चांगला" या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

पाण्यातली घाण एका जातीची नसते. गाळ आणि गंज डोळ्यांना दिसतात. क्लोरीन नाकाला कळतं. जंतू दिसत नाहीत, पण उकळून मरतात. शिसं, आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड हे विरघळलेले असतात. ते दिसत नाहीत, बहुतेक वेळा चवीलाही लागत नाहीत, आणि उकळून जाणं तर दूरच, पाणी आटेल तसं त्यांचं प्रमाण वाढतं. यातल्या प्रत्येकावर इलाज वेगळा. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्या पुढे असतो. वासाची द्रव्यं, कित्येक कीटकनाशकं त्याला चिकटून राहतात, क्लोरीनची त्याच्याशी रासायनिक क्रिया होऊन ते नाहीसं होतं, पण नायट्रेट आणि क्षार त्यातून सरळ निघून जातात. यूएफच्या (अल्ट्राफिल्ट्रेशनच्या) पोकळ तंतूंतून जिवाणू जात नाहीत, विरघळलेलं सगळं जातं. यूव्ही दिवा जंतूंना निकामी करतो, पण पाण्यातून काहीही काढून घेत नाही, आणि पाणी गढूळ असेल तर जंतू गाळाच्या कणांआड लपून वाचतात. विरघळलेल्यांपैकी बहुतेकांना अडवायची ताकद आरओच्या मेम्ब्रेनमध्ये (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यात) आहे, पण त्यासाठी पाण्याला दाब लागतो आणि बरंच पाणी वाया जातं.

म्हणून माझं ठाम मत आहे की फिल्टरच्या आधी तपासणी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर प्रयोगशाळेतूनच करून घ्यायची, दुसरा पर्याय नाही. नळाचं पाणी असेल तर पुरवठा करणाऱ्यांचा अहवाल मिळतो का ते बघावं, पण तो अहवाल तुमच्या इमारतीच्या पाइपांबद्दल काही सांगत नाही. शिसं बहुतेक वेळा जलशुद्धीकरण केंद्रातून येत नाही, ते पाइपातून, जोडांतून, जुन्या नळांतून पाण्यात उतरतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही, आणि शिसं लोकांच्या स्वयंपाकघरात पोचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत शिशाचं आणि आर्सेनिकचं मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ०.०१ मिलीग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा मुद्दा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, दाखवणाऱ्या मीटरचा आहे.

ते पेनासारखं मीटर पाण्यात बुडवलं की आकडा येतो आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास बसतो. ते मोजतं पाण्यातून वीज किती सहज जाते हे, आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. मीटर मिलीग्रॅममध्ये बोलतं. घातक पातळीच्या शिशाने त्याचा शेवटचा अंकसुद्धा हलत नाही. जिवाणू तर त्याला दिसतच नाहीत. १५० टीडीएसचं पाणी रोगट असू शकतं आणि ५०० टीडीएसचं पाणी निर्धोक असू शकतं. लिटरमागे साधारण ६०० मिलीग्रॅमच्या खाली पाणी प्यायला चांगलं लागतं आणि १००० च्या पुढे लोकांना नकोसं होत जातं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पण ते बोलणं चवीचं आहे, विषाचं नाही.

आमच्या बाबांकडे एक विक्रेता आला होता तेव्हा नेमकी मी तिथे होते. त्याने दोन ग्लास मांडले, एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. मग धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण दोन्ही ग्लासांवर ठेवलं आणि प्लगला लावलं. मिनिटभरात आमच्या ग्लासात तपकिरी गाळ फिरायला लागला, त्याच्या ग्लासात काहीच नाही. "काका, हे पिताय तुम्ही इतकी वर्षं," असं तो म्हणाला आणि बाबांचा चेहरा उतरला. आई तर ग्लासाकडे बघायलाही तयार नव्हती.

मी त्याला म्हटलं, "दादा, तुमच्या ग्लासात ताजं पाणी घ्या, त्यात चिमूटभर मीठ टाका आणि परत लावा." तो नको नको म्हणत होता, पण बाबांनीच आग्रह धरला. मीठ विरघळलं, उपकरण लागलं, आणि त्याचं शुद्ध पाणी आमच्यापेक्षा गडद झालं. कारण तो गाळ पाण्यातला नव्हताच. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते, विजेने तिचं लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. क्षार असले की वीज वाहते, नसले की वाहत नाही, इतकाच फरक. (घरी हे करून बघू नका, त्या कांड्यांत थेट घरातली वीज असते.) तो विक्रेता निघून गेला. पण मला राग आला तो बाबांच्या उतरलेल्या चेहऱ्यामुळे. आपण घरच्यांना आयुष्यभर घाण पाजली, असं त्यांना दहा मिनिटं वाटत राहिलं.

आता खोक्यावर काय वाचायचं ते सांगते. "सात टप्पे", "नऊ टप्पे" याने काही ठरत नाही. तीन वेगवेगळे टप्पे एकाच प्रकारच्या कार्बनचे असू शकतात. बघायचं ते प्रमाणपत्र, आणि ते कशासाठी आहे हे. एनएसएफ/एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थांचं ४२ क्रमांकाचं मानक चव, वास, क्लोरीन यांच्यासाठी आहे. ५३ आरोग्याशी संबंधित गोष्टींसाठी: शिसं, सिस्ट (काही परजीवींची टणक कवचातली अवस्था), काही रसायनं. ५८ आरओसाठी, ५५ यूव्हीसाठी, ४०१ औषधांचे अंश वगैरेंसाठी. होतं असं की खोक्यावर मोठ्या अक्षरात "प्रमाणित" असतं, शेजारी शिशाचं चित्र असतं, आणि बारीक अक्षरात बघितलं तर प्रमाणपत्र फक्त ४२ चं. शिवाय ५३ आहे म्हणजे त्यातलं सगळं अडतं असंही नाही, ज्या ज्या पदार्थासाठी तपासलं त्यांची यादी असते. ती मागा. त्यात पदार्थ, किती टक्के कमी झाला आणि किती लिटरपर्यंत, हे तिन्ही असायला हवं. "मानकानुसार तपासलेला" आणि "प्रमाणित" हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात तपासणारी स्वतः कंपनीच असू शकते.

मायक्रॉनचंही (मिलीमीटरचा हजारावा भाग) तसंच. "१ मायक्रॉन" लिहिलं असेल तर ते नॉमिनल की ॲब्सोल्यूट, हे विचारा. नॉमिनल म्हणजे त्या आकाराचे बरेचसे कण अडतात, ॲब्सोल्यूट म्हणजे जवळपास सगळे. क्रिप्टोस्पोरिडियमचा सिस्ट ४ ते ६ मायक्रॉनचा असतो आणि क्लोरीनला दाद देत नाही, तेव्हा तिथे "बरेचसे" चालत नाही.

आरओबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं. आधी वाटायचं, सगळं अडवतो ना, मग घेऊन टाकावा. आता वाटतं की गरज असेल तरच. घरगुती आरओ साधारणपणे एक लिटर पाणी देताना पाच किंवा त्याहून जास्त लिटर सोडून देतो, असं ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, सांगते. काही मशीन यापेक्षा पुष्कळ बरी आहेत, पण विचारल्याशिवाय कळत नाही. पाण्यात नायट्रेट, आर्सेनिक, फ्लोराइड किंवा खूप क्षार असतील तर आरओ घ्यावाच आणि ते सोडलेलं पाणी फरशीला, संडासाला वापरावं. नुसत्या क्लोरीनच्या वासासाठी मात्र एवढं पाणी गटारात घालवणं मला पटत नाही, त्याला एक चांगला कार्बन ब्लॉक पुरतो.

आणि आरओ घेतलाच तर त्यातला टीडीएस कंट्रोलर बघा. पाणी फार बेचव लागू नये म्हणून मेम्ब्रेन टाळून थोडं पाणी तसंच पुढे जाऊ देणारी ती एक छोटी वाट असते. तुम्ही आर्सेनिकसाठी आरओ घेतला असेल तर तेच आर्सेनिक त्या वाटेने ग्लासात परत येतं. माझ्या बहिणीच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट निघालं होतं आणि घरात बाटलीने दूध पिणारं तीन महिन्यांचं बाळ. अशा बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद नायट्रेटने कमी होऊ शकते. मशीन नवं, मेम्ब्रेन उत्तम, आणि टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू अर्धा उघडा. बसवणाऱ्याने "चव चांगली येईल" म्हणून उघडलेला. तो आम्ही त्याच दिवशी बंद केला आणि पाणी परत प्रयोगशाळेत पाठवलं. चवीसाठी क्षार हवेच असतील तर मेम्ब्रेनच्या पुढे कॅल्साइटची (कॅल्शियमच्या खनिजाची) कार्ट्रिज लावता येते.

टीडीएस मीटर फेकून देऊ नका, त्याची खरी जागा इथे आहे. आत जाणारं पाणी मोजा, बाहेर येणारं मोजा. आत ४०० आणि बाहेर ४० असेल तर मेम्ब्रेन ९० टक्के क्षार अडवतेय. महिन्यातून एकदा मोजून लिहून ठेवलं की मेम्ब्रेन कधी थकायला लागली ते स्पष्ट दिसतं. फक्त बराच वेळ बंद असलेल्या मशीनचं पहिलं पाणी मोजू नका, त्यात आकडा जास्त येतो. काही मिनिटं वाहू द्या, मग मोजा.

कार्बनची गोष्ट जास्त फसवी आहे. गाळाने भरलेली कार्ट्रिज धार कमी करून निदान इशारा तरी देते. कोळसा भरला तर पाणी तितक्याच जोरात येत राहतं, आणि जे अडत होतं ते अडायचं थांबतं. म्हणून ती डीपीडीची गोळी. तुमच्याकडे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असतील तर एकूण क्लोरीनची चाचणी घ्या, मुक्त क्लोरीनची गोळी तिथे पुरेशी नाही, आणि साधा कार्बनही क्लोरामाइनला कमी पडतो. अजून एक: कार्बनने क्लोरीन काढलं की पुढचं पाणी बिनपहाऱ्याचं होतं. ओल्या कोळशात बहुतांशी निरुपद्रवी असले तरी जिवाणू वाढतात. गावाहून आलात की नळ काही मिनिटं सोडून ठेवा. आणि मूळ पाणीच जंतूंच्या दृष्टीने खात्रीचं नसेल तर नुसत्या कार्बनवर विसंबू नका.

बसवण्याबद्दल थोडक्यात, पण मनापासून. आमच्याकडे पहिल्यांदा फिल्टर बसवला तेव्हा येणाऱ्याने प्लास्टिकची नळी साध्या कात्रीने तिरकी कापली आणि पुश-फिट जोडात खोचली. चार दिवस काही नाही. पाचव्या रात्री, नळांना दाब वाढतो त्या वेळी, ती थेंब थेंब गळायला लागली आणि सकाळपर्यंत सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून वर आला होता. नळी काटकोनात कापायची, जोडात अडेपर्यंत दाबायची, मग एकदा ओढून बघायची. अर्ध्या मिनिटाचं काम. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा, पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं. दाब जास्त असेल तर प्रेशर रिड्यूसर बसवून घ्या, आणि फिल्टरच्या आधीचा व्हॉल्व्ह हाताला सहज लागेल असा ठेवा.

रविवारी जुनी कार्ट्रिज काढली तेव्हा आधीच्या टप्प्यातली गाळाची कँडलही काढली. बाहेरून कॉफीच्या रंगाची, बोट फिरवलं तर बुळबुळीत, आणि उभी चिरली तर तो रंग जेमतेम दोन मिलीमीटर आत गेलेला, गाभा पांढराशुभ्र. तिने तिचं काम केलं होतं. कार्बनचा ब्लॉक मात्र नव्यासारखाच काळा दिसत होता. बघून काहीही कळलं नसतं. नवीन ब्लॉकवर मार्करने तारीख लिहिली, पहिलं काळपट पाणी निघून स्वच्छ येईपर्यंत वाहू दिलं, आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला: पुढची गोळी सहाव्या महिन्यात, त्यानंतर दर पंधरा दिवसांनी.