वजन कपड्यांसकट सांगा

"वजन किती? खरं सांगा. कपडे, बूट, खिशातलं सगळं धरून."

विमान कंपनीचा फोन स्पीकरवर होता आणि बायको समोर बसली होती. बारा वर्षांच्या संसारात हा विषय आम्ही मोघमच ठेवला आहे. "एकशे साठ पौंड," मी म्हणालो. म्हणजे साधारण ७२ किलो. हे वजन खोटं नव्हतं, फक्त लग्नाच्या अल्बममधलं होतं. बायकोने चहाचा कप खाली ठेवला, पण बोलली काही नाही. तिला तिकीट हवं होतं.

२०२२चा जुलै होता. सिॲटलहून चार दिवस अलास्कातल्या अँकोरेजला आलो होतो. मी सहलीचं एक्सेल करणारा माणूस; त्यात दुपारच्या डुलकीलाही स्वतंत्र रकाना असतो. बायको विमानवेडी. हॉटेलच्या काउंटरवर तिला कळलं की ब्रुक्स कॅम्पला अस्वलं बघायला जाणाऱ्या पाणविमानातल्या दोन जागा ऐन वेळी रद्द झाल्या आहेत. लोक म्हणे महिनोन्महिने आधी बुकिंग करतात. "आयुष्यात एकदा तरी न ठरवता काही कर," ती म्हणाली. म्हणजे तिने ठरवलं होतं.

सकाळी सहाला लेक हूडवर पोचलो. सूर्य कधीचाच वर येऊन बसला होता. हा जगातला सगळ्यांत गजबजलेला पाणविमानतळ. खाडीला होड्या लागतात तशी काठाने विमानं बांधलेली. अलास्कात बहुतेक गावांना बाहेरून रस्ताच नाही, राजधानी जुनोलासुद्धा नाही. त्यामुळे छोटं विमान ही तिथली एसटी. आमच्या वाट्याला आलेल्या एसटीचं नाव द हॅविलंड बीव्हर. या विमानांचं उत्पादन १९६७ साली बंद झालं, ही माहिती बायकोने मला आनंदाने पुरवली. इंजिन एकच. पायलटबाई आमच्या आत्याच्या वयाच्या, मांडीपर्यंत रबरी बूट चढवलेल्या. त्या हातपंपाने विमानाच्या फ्लोटमधलं, म्हणजे ज्यांवर ते तरंगतं त्या पोकळ पायांमधलं, पाणी उपसत होत्या.

"गळतंय का?" मी विचारलं.

"थोडंफार सगळ्यांचंच गळतं," त्या म्हणाल्या आणि काट्याकडे बोट दाखवलं.

इथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. मुंबईहून सिॲटलला परत येताना आपण काय करतो? बॅगेचं वजन जास्त भरलं की जड वस्तू जॅकेटच्या खिशांत भरतो आणि फुगलेल्या अंगाने काउंटरवरच्या मुलीकडे बघून हसतो. त्याच संस्काराने मी भडंग, बाकरवड्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी अंगावर वागवत होतो. पण तिथे काट्यावर बॅग चढत नाही, माणूस चढतो. आकडा आला १९१.

"खिसे," पायलटबाई म्हणाल्या.

मी एकेक जिन्नस धक्क्यावर मांडत गेलो. मागच्या रांगेतलं एक जर्मन जोडपं हा कार्यक्रम उभं राहून बघत होतं. पुन्हा चढलो. १८७.

"चार पौंड फराळाचे," बायको म्हणाली. "उरलेले सत्तावीस कुणाचे?" आणि तिने फोटो काढला.

फराळ गाडीत ठेवावा लागला. वाईट याचं वाटलं की विमानाच्या शेपटीत कुऱ्हाड, गळ, डासांची जाळी आणि प्रत्येकी आठवडाभराचं अन्न होतं. तेव्हा अलास्काचा तसा कायदाच होता. फक्त ते खायला आधी विमान पडावं लागतं.

मग जागावाटप. विमानाचा तोल राहावा म्हणून वजनाप्रमाणे बसवतात. सगळ्यांत जड माणूस पुढे, पायलटशेजारी. ज्या जागेसाठी बायको पहाटे चारपासून देवाचं नाव घेत होती, ती मला मिळाली. ती मागे, जर्मनांच्या पिशव्यांशेजारी.

पाण्यावरून विमान उठतं ते कळत नाही. आधी बादलीभर दगड पत्र्यावर ओतल्यासारखा आवाज, मग एकदम गुळगुळीत. मी डोळे उघडले तेव्हा खाली कुक इनलेटचं राखाडी पाणी होतं. बीव्हरमध्ये स्टिअरिंग एकच असतं, मधल्या दांड्यावरून ते डावीकडून उजवीकडे फिरवता येतं. हे बायकोने हेडफोनमधून सांगितल्यावर मी हात मांडीखाली घेऊन बसलो. थोड्या वेळाने पायलटबाई माझ्या पायापाशी वाकल्या, एक झाकण उघडलं आणि बाटलीतून तेल ओतू लागल्या. उडता उडता! इंजिनात! बायको मागून म्हणाली, "काही नाही रे, बीव्हरचं तेल आतूनच भरतात. केवढी सोय!" गॅसवर कढई असताना मी कधी तेलाची पिशवी कापत नाही.

डावीकडे रिडाउट ज्वालामुखी दिसला. बायकोला लगेच आठवलं की १९८९च्या डिसेंबरात याच्या राखेत शिरून एका जम्बो ७४७ची चारही इंजिनं बंद पडली होती. "पण परत सुरू झाली, सगळे सुखरूप उतरले," ती म्हणाली. मी मनात आमची इंजिनं मोजली.

पुढे लेक क्लार्क खिंड. दोन्ही अंगांना डोंगर, त्यांच्या खांद्यांवर लोंबणाऱ्या हिमनद्या, आणि निळ्या भेगा इतक्या जवळ की मी पोट आत घेतलं. घाटात वळणावर हॉर्न द्यावा तसं पायलटबाई रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगत होत्या. आणि समोरून खरंच एक विमान आलं! बाई उजवीकडे सरकल्या, हात केला. मीही केला. त्या दहा मिनिटांत मला भीती वाटायची राहून गेली. बायकोला मात्र हे सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या वर्षीही एक्सेल गेलं असतं.

ब्रुक्स कॅम्पच्या किनाऱ्याला लागल्यावर आधी शाळा. अस्वलापासून ५० यार्ड लांब राहा, धावू नका, खायचं बाहेर काढू नका. पास झालात की छातीला बिल्ला. मग जंगलातून चालत धबधब्यापर्यंत.

सामन मासे उड्या मारत होते आणि अस्वलं धबधब्याच्या कडेवर तोंड उघडून उभी होती. खालच्या खळग्यात एक भलंमोठं धूड कमरेइतक्या पाण्यात बसलं होतं. रेंजरबाईंनी सांगितलं, हा ७४७. तिथे अस्वलांना नावाऐवजी क्रमांक देतात आणि याला योगायोगाने जम्बो जेटचा मिळाला. हिवाळ्याआधी त्याचं वजन १,४०० पौंडांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे सहाशे किलोंच्या वर.

"किती गोड आहे रे!" बायको म्हणाली. "पोट बघ ना त्याचं!"

मी उपाशी होतो. मी काही बोललो नाही.

दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर 'फॅट बेअर वीक' असतो. प्रत्येक अस्वलाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावतात, उन्हाळ्यातला आणि आताचा, आणि लोक सगळ्यांत गुबगुबीत अस्वलाला ऑनलाइन मत देतात. त्या वर्षी ७४७ जिंकला. आमच्या घरातली दोन्ही मतं त्यालाच होती.

आमच्या फ्रीजवरही एक फोटो लागला आहे. धक्का, काटा, रिकामे खिसे बाहेर काढून उभा असलेला मी. शेजारी तेवढीच जागा तिने मोकळी सोडली आहे.