चार नंबरच्या बाटलीचं भूत

हॅलोवीन पार्टीत प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं ठरलं तेव्हा मी ग्रुपवर सगळ्यात आधी "ड्रिंक माझ्याकडे" असं टाकून मोकळा झालो, कारण मला वाटलं रम आणि कोल्ड्रिंक एका भांड्यात ओतलं, वर प्लास्टिकचा कोळी सोडला की झालं काम. पण लगेच साडूभाऊंचा मेसेज आला, "बघ हं, काहीतरी थीमचं कर, नाहीतर मी करतो." आता हा माणूस गेली पंधरा वर्षं मी केलेली प्रत्येक गोष्ट आधी नीट विचारून घेतो आणि पुढच्या वेळी स्वतःच्या नावावर खपवतो. त्यामुळे इज्जतीचा प्रश्न झाला.

शोधाशोध केली तर रमचं एक कॉकटेल सापडलं ज्याचं नावच झोंबी. म्हटलं थीम आपल्या दारात चालत आली. डॉन बीच नावाच्या माणसाने १९३४ च्या सुमारास हॉलिवूडमधल्या आपल्या बारमध्ये हे काढलं. एका गिऱ्हाइकाचा हँगओव्हर उतरवायला म्हणून बनवलं आणि ते गिऱ्हाईक नंतर येऊन म्हणालं की मी सगळा प्रवास जिवंत प्रेतासारखा केला, अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी तोच जाणे. पण एका माणसाला दोनच ग्लास मिळतील हा नियम मात्र त्याने खरोखर ठेवला होता. रेसिपी वाचल्यावर कळलं का ते. एका ग्लासात तीन प्रकारची रम, दीड औंस, दीड औंस आणि एक औंस, त्यातली शेवटची १५१ प्रूफ. अमेरिकन प्रूफचं निम्मं केलं की अल्कोहोलचा टक्का निघतो, म्हणजे साडेपंचाहत्तर टक्के. मी कागदावर हिशोब केला तर एका ग्लासात जवळजवळ पाच स्मॉल पेग बसत होते. बायकोने तो कागद बघितला आणि शांतपणे म्हणाली, "बारा माणसं, सहा ग्लासांचं सामान. प्रत्येकाला अर्धा. आणि तू चव घेणार नाहीस." पहिल्या दोन अटी मी पाळल्या.

खरी मजा पुढे आहे. या डॉनला आपले बारटेंडर रेसिपी चोरून दुसरीकडे जातील अशी धास्ती होती म्हणून तो बाटल्यांवर नुसती सांकेतिक नावं टाकायचा, आणि रेसिपीतही तीच. एका बाटलीवर 'डॉन्स मिक्स' होतं, ते म्हणजे काय याचा पत्ता जेफ बेरी नावाच्या संशोधकाला कित्येक दशकांनी लागला, तर निघालं काय, दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचं सिरप! हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर साडूभाऊ आले. ठरलं. आपणही तसंच करायचं.

पाच एकसारख्या बाटल्या घेतल्या, आतला रंग दिसू नये म्हणून बाहेरून काळा कागद गुंडाळला (शिवाय ते भीतीदायकही दिसत होतं), प्रत्येकीवर कवटी काढली आणि खाली नुसता नंबर. लिंबाचा रस, डॉन्स मिक्स, डाळिंबाचं लाल ग्रेनेडिन, फॅलर्नम आणि गोकर्णीच्या फुलांचा निळा काढा. फॅलर्नम हे नाव पहिल्यांदा ऐकून मला ते गुडघ्याला चोळायचं वाटलं होतं, पण ते लवंग, आलं, बदाम आणि लिंबाच्या सालीचं सिरप असतं. गोकर्णीचा काढा मूळ रेसिपीत अजिबात नाही, ती माझी अक्कल. त्यात लिंबू पडलं की निळ्याचा जांभळा होतो, तर शेवटी सगळ्यांसमोर ते करून दाखवायचं आणि टाळ्या घ्यायच्या असा बेत होता. कुठला नंबर म्हणजे काय हे शाईच्या पेनाने एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं. ती चिठ्ठी ओट्यावर ठेवली, आणि इथेच घात झाला, पण ते मला नंतर कळलं.

मधल्या वेळात बर्फाचा हात करायला घेतला. आयडिया सोपी, रबरी हातमोज्यात पाणी भरून फ्रीजरला ठेवायचं. मोजा आतून पावडर नसलेला पाहिजे एवढं मी लक्षात ठेवलं होतं. लक्षात ठेवलं नव्हतं ते हे की पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं, मी मोजा फुग्यासारखा गच्च भरून गाठ मारली होती. सकाळी बघतो तर अंगठ्याची शिवण फाटून एक बर्फाचा सुळका बाहेर आलेला. बाकीचा मोजा कात्रीने कापून नळाखाली धरला, करंगळी छान सुटली, तिच्या शेजारचं बोट पण सुटलं, मी जरा खूष होऊन मधलं बोट ओढलं तर कट् आवाज झाला आणि ते माझ्या हातात आलं. मागोमाग तर्जनी. तळव्यावर राहिली दोन बोटं आणि सिंकमध्ये पडली दोन. मी ती उचलून परत चिकटवायला बघत होतो, थंडीने माझीच बोटं बधिर झालेली, एका क्षणी यातली माझी कुठली आणि बर्फाची कुठली हेच कळेना. तेवढ्यात बायको आली, बघितलं आणि काहीही न बोलता परत गेली.

लिंबाच्या सालीत १५१ प्रूफ रम घालून पेटवायचा प्लॅन तिने आधीच रद्द केलेला होता. तिचं म्हणणं, पडदे नवीन आहेत.

मग मिक्सिंग. रेसिपीत ग्लासला सहा थेंब बडीशेपेच्या वासाची एक जालीम दारू लागते. सहा ग्लासांचे छत्तीस थेंब. मी मोजायला लागलो, एकोणिसाव्या थेंबाला फोन वाजला, साडूभाऊ, "काय बनवतोयस?" काही नाही म्हणून ठेवला तर आकडा विसरलो. भांडं रिकामं करून धुतलं आणि पुन्हा पहिल्यापासून. सव्वीसला बायकोने "मीठ कुठे ठेवलंस" विचारलं आणि मी दचकलो, ड्रॉपरची बाटली आडवी झाली, अर्धी ओट्यावर, थोडी माझ्या बाहीवर, आणि भांड्यात किती गेली देव जाणे. सगळ्या घराला खोकल्याच्या औषधाचा वास. नाक जे बंद पडलं ते दुसऱ्या दिवशीच उघडलं. त्या घाईत माझं कोपर दालचिनीच्या सिरपच्या पातेलीला लागलं आणि उरलेलं सिरप सावकाश, अगदी ऐटीत, त्या चिठ्ठीवर पसरलं. शाईची अक्षरं आधी फुगली, मग एकमेकांत मिसळली, मग उरला एक निळा तवंग आणि त्यात तरंगणारा आकडा, चार. चारच्या पुढे काय ते गेलं.

आता कोणीही म्हणेल की वास घ्यायचा. नाकाचं सांगितलंच. चव बघायची? तर मगाशी मी फक्त माहिती म्हणून एक चमचा १५१ प्रूफ जिभेवर ठेवला होता, निव्वळ माहिती म्हणून, आणि जीभ अशी बधिर झाली होती की मला लिंबू आणि पाण्यातला फरक सांगता आला नसता. थेंब बशीत ओतून रंग बघावा एवढं साधं डोकं त्या वेळी चाललं नाही, ते दोन दिवसांनी आंघोळ करताना सुचलं. पाहुणे यायला वीस मिनिटं. मी मनात कुणाकुणाचं नाव घेतलं आणि अंदाजाने ओतत गेलो.

रंग. म्हणजे निळा, लाल, रमचा तपकिरी आणि लिंबाचा गढूळपणा सगळे एकत्र आल्यावर जो झाला तो. फरशी पुसून झाल्यावर बादलीत जे उरतं ते. त्यात मी लिचीत ब्लूबेरी खोचून केलेले डोळे सोडले तर ते पण बुडाले, एक तेवढा वर येऊन माझ्याकडे बघत राहिला.

वाचवलं ड्राय आइसने. ते म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे साडेअठ्ठ्याहत्तर, हाताला लागलं तर भाजल्यासारखं होतं आणि पोटात तर अजिबात जाता कामा नये, हवाबंद डब्यात ठेवलं तर डबा फुटतो. त्यामुळे मी खिडक्या उघडल्या, जाड हातमोजे आणि चिमटा घेतला, ड्रिंकचं काचेचं भांडं एका मोठ्या परातीत ठेवलं, आणि परातीत कोमट पाणी घालून तुकडे बाहेरच टाकले. आणि जे धुकं उठलं! पांढरं, जड, परातीच्या कडेवरून खाली उतरून टेबलावर पसरणारं आणि टेबलाच्या टोकावरून जमिनीवर सांडणारं. त्या धुक्यातून बर्फाचा तळवा दोन बोटं वर करून बाहेर आलेला, आणि शेजारी दोन सुटी बोटं तरंगत होती. सगळे किंचाळले. "बोटं तोडलीस काय सुचलं रे तुला!" मी नम्रपणे मान झुकवली.

चवीबद्दल कोणी फार बोललं नाही. एका वहिनींनी घसा मोकळा झाला असं सांगितलं.

साडूभाऊ मात्र बाटल्यांपाशी घुटमळत होते, प्रत्येक लेबलचा फोटो काढत. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन. "अरे, ते अफलातून झालं होतं, खरं सांग, चार नंबरमध्ये काय होतं?"

"दादा, ते नाही सांगता येणार."

"एवढं काय सिक्रेट?"

"खरंच नाही सांगता येणार हो," मी म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता आणि मग रागाने फोन ठेवल्याचा आवाज. मी कानाला मोबाईल तसाच धरून फ्रीज उघडला आणि चार नंबरची बाटली उजेडात धरून हलवून बघितली. काळा कागद होता, काही दिसलं नाही.