सरकारी वकिलाचा कोट

‘एकदा सरकारचं मीठ खाल्लं की माणूस न्यायासनावर बसूनही सरकारचाच राहतो.’ साताऱ्याच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर हे वाक्य पहिल्यांदा आलं ऑगस्ट २०२५ मध्ये. भाजपच्या प्रवक्त्या राहिलेल्या आरती साठे यांची मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक होत होती आणि रोहित पवारांनी त्या नेमणुकीला आक्षेप घेतला होता. वाद तिथंच राहिला असता तर मी गप्प बसलो असतो. पक्षाचं प्रवक्तेपद ही वेगळीच भानगड आहे. पण दोन दिवसांत जी.पी. (गव्हर्नमेंट प्लीडर), ए.जी.पी. (त्यांचे सहायक), सॉलिसिटर जनरल असे सगळेच सरकारी वकील एका दोरीनं बांधले गेले. ‘सगळी त्यांचीच माणसं.’

माझे वडील दिवाणी कोर्टात नाझर, म्हणजे कचेरीतले कारभारी होते. आमच्याकडे ‘जी.पी.साहेब’ हा शब्द जरा आवाज खाली आणूनच उच्चारला जाई. ‘हरले तरी कागद नीट लावून हरतात,’ ही वडिलांची त्यांना दिलेली सर्वोच्च पदवी. त्यामुळे ते वाक्य मला लागलं. इथं अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिलला रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी सातची रेड लाइन मेट्रो गाठायची होती, तरी मी लिहायला बसलो.

लिहिलं श्री श्रीनिवासन या अमेरिकेतल्या न्यायाधीशांविषयी. जन्म १९६७ चा, चंदीगडचा. वाढले कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात. वडील तिथं गणिताचे प्राध्यापक. शिक्षण स्टॅनफर्डला, मग सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्याकडे क्लार्क, म्हणजे कायद्याच्या कामातले मदतनीस. (‘म्हणजे तुझ्या बाबांच्या लाइनीतले का?’ असं एकानं लगेच विचारलं.) बुश यांच्या काळात सॉलिसिटर जनरलच्या, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या कार्यालयात वकिली केली. मध्ये खासगी फर्ममध्ये गेले आणि एन्रॉन कंपनीचा माजी प्रमुख जेफ्री स्किलिंगची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली. २०११ मध्ये परत सरकारात, या वेळी ओबामांच्या, त्या कार्यालयातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर. मे २०१३ मध्ये सीनेटनं त्यांना डी.सी. सर्किटवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या फेडरल अपील कोर्टावर पाठवलं, ९७ विरुद्ध ०. गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, ती दिली ओकॉनरबाईंनी. २०२० पासून त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश.

हे कोर्ट म्हणजे जिथं फेडरल सरकारच्या खात्यांना लोक खेचतात ते. तिथं सरकारी वकील न्यायाधीश झाला तर काय होतं? डाळिंबाच्या रसाचा खटला सांगतो, सोलापूरकरांना समजेल. पॉम वंडरफुल कंपनी रस प्यायल्यानं रोग हटतात असं जाहिरातीत म्हणत होती. सरकारच्या व्यापार आयोगानं त्या जाहिराती फसव्या ठरवल्या आणि पुढे रोग हटवण्याचा दावा करायचा तर किमान दोन वैद्यकीय चाचण्या लागतील असं बजावलं. २०१५ मध्ये श्रीनिवासन यांनी निकाल लिहिला: फसवे दावे ही आयोगाची बाजू मान्य, पण सरसकट दोन चाचण्यांचा हट्ट चालणार नाही. सरकारला हवं तेवढं सगळं दिलं नाही आणि कंपनीलाही नाही.

शिवाय सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयाची एक जुनी रीत मला फार आवडते. सरकार खालच्या कोर्टात जिंकलेलं असतं आणि सरकारचाच वकील वर येऊन सांगतो की आम्ही चुकलो, हा निकाल टिकू नये. २०११ मध्ये तर तेव्हाचे काळजीवाहू सॉलिसिटर जनरल नील कत्याल यांनी जाहीर कबुली दिली, की दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबण्याच्या खटल्यांत त्यांच्या पूर्वसुरीनं कोर्टापासून महत्त्वाचा अहवाल दडवला होता. तिथले वकील अजूनही शेपटाचा जुना कोट घालून कोर्टासमोर उभे राहतात. मी लिहिलं, ‘तो कोट सरकारचा असतो, आतला माणूस नव्हे.’ हे लिहून मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी उत्तर आलं होतं. आमच्यातला एकजण साताऱ्यात वकिली करतो. त्यानं लिहिलं: ‘अरे, २०१६ साली त्याच कोर्टाच्या मेरिक गार्लंडचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी ओबामांनी पुढे केलं, तेव्हा तुझ्या सीनेटनं त्याची सुनावणीसुद्धा घेतली नाही. ते का गाळलंस?’ गाळलंच होतं. तेव्हा श्रीनिवासन यांचंही नाव चर्चेत होतं, आणि ते मागे पडलं म्हणून आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात आम्ही हळहळलो होतो. जणू लॉरेन्सचा तो तमीळ मुलगा आमचा भाचा.

मग मी घरचे दाखले काढले. भूषण गवई २००० मध्ये नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले, २००३ मध्ये न्यायाधीश, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलडोझरनं घरं पाडणाऱ्या सरकारांना नियम घालून देणारा निकाल त्यांनीच लिहिला. वकील मित्रानं शांतपणे विचारलं, ‘आणि यशवंतराव चंद्रचूड? तेही मुंबईचे सरकारी वकील, १९६१ ला न्यायाधीश. १९७६ ला आणीबाणीत हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याच्या हक्काच्या खटल्यात कुणाच्या बाजूनं गेले?’ मी म्हटलं, २०१७ ला तो निकाल चुकीचा होता असं त्यांच्या मुलानंच लिहिलं, आणि धनंजय चंद्रचूडही आधी सरकारचेच वकील होते. ‘एक्केचाळीस वर्षांनी,’ एवढंच त्याचं उत्तर.

माझ्याकडे पुढचं नव्हतं. म्हणून मी तेच केलं जे आम्ही इकडचे नेहमी करतो: ‘तुमच्याकडे न्यायाधीश निवडणाऱ्या कॉलेजियमचं दार बंद, आमच्याकडे सीनेटची सुनावणी टीव्हीवर दिसते,’ असं लिहिलं. ‘तुमच्याकडे’ हा शब्द पाठवल्यावर दिसला. खोडता आला असता. खोडला नाही.

नंतर तोच शब्द डोक्यात फिरत राहिला, म्हणून ओसीआयचा, म्हणजे माझ्यासारख्या परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा कायदा काढून वाचला. मत देता येत नाही हे ठाऊक होतं. उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता येत नाही हेही त्यात चक्क कलमानिशी लिहिलंय. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला कुणी बोलावणार होतं अशातला भाग नाही, तरी वाचून टोचलं. आणि अमेरिकेच्या घटनेत फेडरल न्यायाधीश व्हायला नागरिकत्वाची अटसुद्धा नाही. हे ग्रुपवर टाकायला छान होतं. टाकलं नाही, कारण त्याच आठवड्यात जवळच्या ग्रीनबेल्टच्या फेडरल कोर्टाचं ज्यूरीचं, म्हणजे खटल्यात नागरिक-पंच म्हणून बसण्याचं समन्स आलं होतं आणि मी बायकोला विचारत होतो, सूट मिळायला कुठलं कारण चालतं.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी कोर्टाला फोन केला. रेकॉर्ड केलेल्या आवाजानं सांगितलं, तुमच्या गटाची गरज नाही. मला हायसं वाटलं. बाबा असते तर त्यांनी पुकारा व्हायच्या आधी अर्धा तास कोर्टात नेऊन बसवलं असतं.