मालमत्ता आमची, यादी ज्याची त्याची

महाप्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे आणि त्यात चार संस्थानं नांदतात: अकाउंट्स, मेंटेनन्स, स्टोअर आणि आयटी. आपसात वैर अजिबात नाही. दुपारी डबे एकत्र उघडतात, एकमेकांच्या भाजीत हक्काने चमचा जातो. पण यंत्रांची यादी मागून बघा! लगेच समोरचा ताठ बसतो आणि विचारतो, “कशाला हवीय?”

ती मागायची वेळ माझ्यावर आली. मालमत्तेची नोंद संख्या आणि ठिकाणासकट नीट ठेवली जाते का, अधूनमधून प्रत्यक्ष पडताळणी होते का, हे ऑडिटरला कारो 2020 या कंपन्यांच्या ऑडिट अहवालाबाबतच्या सरकारी आदेशानुसार अहवालात लिहावंच लागतं. संख्या आमच्याकडे होती, चार प्रकारची. साहेब म्हणाले, “तुझं सगळ्यांशी जमतं ना? मग तूच बघ.” जमण्याचे असे तोटे असतात.

अकाउंट्सवाल्या मॅडमना यंत्र बिलाच्या तारखेवरून ओळखू येतं. संगणकाचं आयुष्य 3 वर्षं, ऑफिसातल्या उपकरणांचं 5, फर्निचरचं 10, साध्या यंत्रसामग्रीचं 15. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाने कुंडलीच मांडून दिलीय. आयुष्य संपलं की फार तर 5 टक्के किंमत शिल्लक. त्या पाच टक्क्यांवर आमची कितीतरी दिवंगत यंत्रं अजून रजिस्टरात सुखाने जगताहेत. ती आहेत कुठे, असं विचारलं तर मॅडम म्हणतात, “ते मेंटेनन्सला विचारा.”

मेंटेनन्सच्या काकांची यादी देवाचा फोटो असलेल्या डायरीत. तिथे यंत्रं स्वभावावरून ओळखली जातात. शेडमधला एक कॉम्प्रेसर ‘रडका’, दुसरा ‘नवा’. नवा 2009 सालचा आहे, पण रडका त्याच्याही आधीचा, म्हणून तो नवा.

या रडक्याची मोटर मध्यंतरी जळाली. काकांनी तातडीची मागणी टाकली, परचेसने नवी मोटर आणली, बिल चुकतं झालं. पडताळणीत स्टोअरच्या वरच्या फळीवर अगदी तशीच मोटर निघाली, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. काका म्हणाले, “अरे, ही होती तर बोलायचं ना!” स्टोअरवाले दादा शांतपणे म्हणाले, “तुम्ही रडक्याची मोटर मागितली. आमच्याकडे इंडक्शन मोटर आहे.”

आयटीने यादी दाखवलीच नाही. तिच्यात पासवर्ड आहेत म्हणे.

मग सल्लागार आले. आयएसओ 55000 हे मालमत्ता व्यवस्थापनाचं मानक 2014 साली आलं, 2024 मध्ये सुधारलं, इथपासून त्यांनी सुरुवात केली. संस्थेसाठी ज्याला प्रत्यक्ष किंवा संभाव्य मूल्य आहे ती मालमत्ता, हे सांगितल्यावर काका प्रथमच सावरून बसले. “संभाव्य म्हणजे, बंद पडलेलं पण चालेल?” सल्लागार गडबडले. आमची भंगाराची शेड त्यांनी पाहिली नव्हती.

शेवटी मी एकच केलं, चौघांना एकत्र शेडमध्ये फिरवलं. पंखे बंद, तुर्भ्याकडून ढग भरून आलेले, घामाच्या धारा. पण यंत्रासमोर उभं राहिल्यावर माणसं बोलू लागली. जनरेटरचं पॅनेल मॅडमच्या रजिस्टरात कुठेच नव्हतं, कारण त्याचं बिल दुरुस्तीखर्चात टाकलं होतं. मॅडम ज्या एसीचा घसारा दरवर्षी इमानेइतबारे काढत होत्या, त्याचे अवयव काकांनी कधीच दुसऱ्या एसींना दान केले होते. “मला सांगायचं तरी!” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही तेराव्याला आला असता का?” काका म्हणाले. तिथे मॅडम हसल्या आणि दादांनी सगळ्यांसाठी कटिंग मागवला. एकाच यंत्राला एकच नंबर, हा ठराव त्या चहावर झाला. सल्लागारांच्या फीवर झाला नाही, हे साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.

राहिला एक मेलेला कॉम्प्रेसर. त्याला कुठल्याच यादीत नंबर नव्हता. तो भंगारात काढायला मॅडम तयार, काका तयार, भंगारवाल्याचा टेम्पोही दारात. गेटवरच्या सिक्युरिटीने गेटपास उलटसुलट करून पाहिला. “नंबर नाही म्हणजे कंपनीचा नाही. आणि कंपनीचा नाही तो मी बाहेर कसा सोडू?” यावर चार खात्यांपैकी एकाकडेही उत्तर नव्हतं. टेम्पो रिकामा गेला, कॉम्प्रेसर गेटजवळच राहिला. बाइकवाले येताजाता त्याच्या पाइपांवर हेल्मेट अडकवू लागले.

पुढच्या फेरीला आयटीचा नवा मुलगा स्कॅनर घेऊन फिरला. भलताच कामसू. सामायिक रजिस्टरात आता एक जास्तीची ओळ आहे: हेल्मेट स्टँड, लोखंडी, नग 1, गेटजवळ. वर्ग फर्निचर, आयुष्य 10 वर्षं.