वावर गहाण टाकून परदेशी निघालेल्या पोट्ट्यांनो, आधी हे वाचा

सोयाबीनला भाव नाही, पराटी बोंडअळीनं खाल्ली, अन् एजंट म्हणतो, दोन लाख दे, महिनाभरात विमानात बसवतो. देश कोणता? जिथं लढाई सुरू आहे तो. जाऊ नका असं म्हणायचा मला हक्क नाही. पण कागद पाहिल्याशिवाय सातबारा कोणाच्या हातात देऊ नका.

परवानाधारक एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये अन् त्यावर 18 टक्के जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो. तालुक्याला चहाच्या टपरीवर भेटणारा माणूस बहुतेक सब-एजंट असतो. त्याला कायद्यात जागाच नाही.

दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर येतो, म्हणजे ‘नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी’ असा शेरा. इराक, लिबिया, येमेन, सुदान धरून 18 देशांत नोकरीला जायला मग सरकारी मंजुरी लागते, अन् 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. ही कटकट नाही, हे कवच आहे.

खरा घात होतो तो टुरिस्ट व्हिसावर. ‘तिथं गेल्यावर बदलून देतो’ म्हणतात, पण तसं गेलेला माणूस कोणाच्याच यादीत नसतो. पगार बुडाला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? रशियात हेल्परचं काम सांगून नेलेली आपली पोरं थेट लढाईत उतरवली गेली, काही परत आलीच नाहीत.

पोचल्याबरोबर भारतीय दूतावासात नाव नोंदवा. 2023 ला सुदान पेटलं तेव्हा आपल्या लोकांना राजधानी खार्टूमहून पोर्ट सुदान बंदरापर्यंत बसनं आणलं, म्हणजे जवळपास नागपूर-मुंबईएवढं अंतर, अन् तिथून जहाजानं, विमानानं सौदीतल्या जेद्दाला. अशा वेळी पासपोर्ट मालकाच्या कपाटात नको. अडकलाच तर दूतावास पासपोर्टऐवजी घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण तुमची ओळख पटवायला निदान झेरॉक्स पाहिजे.

हल्ल्याचा सायरन वाजला की खिडकीपासून दूर व्हा. इस्रायलच्या तेल अवीवला आसऱ्यात पोचायला साधारण 90 सेकंद मिळतात, गाझाजवळ 15. म्हणून खोली घेतानाच आसरा किती पावलांवर आहे ते मोजा. स्फोटाचा व्हिडिओ काढायला बाहेर पळू नका. त्याच जागी दुसरा मारा होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, घरी एक पिशवी ठेवायची, प्लास्टिकची. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र यांची झेरॉक्स, एजंटची पावती, मालकाचं नाव-पत्ता, साइटचं लोकेशन. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनी तक्रार टाकली तर पहिले हेच लागतं. एजंटला पैसे द्यायच्या आधी ही पिशवी भरा, अन् ती कोणत्या पेटीत आहे हे मायला दाखवून ठेवा.